ओल्या माळावरचं शिखर आणि हिची संकष्टी

हॉलंडमध्ये राहून डोंगर चढायची तयारी करणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकणं. तरीही ती आम्ही केली, कारण हट्ट माझा होता.

निरंजनकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, आम्ही दोघं अ‍ॅमस्टेलव्हीनला तीन महिन्यांसाठी आलो होतो. एका संध्याकाळी त्याने कॉम्प्युटरवर जर्मनीतल्या हार्झ डोंगरांचे फोटो दाखवले. त्यात एक करडा, पाणथळ माळ होता आणि माळाच्या शेवटी नुसत्या काळ्या खडकांचं शिखर. नाव आख्टरमान. बघता बघता हातातला चहा गार झाला.

आटपाडीच्या शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात एक कविता होती, तिच्यात असाच माळ होता. गुरुजींनी अर्थ सांगितला, ओला माळ. सगळा वर्ग हसला. आमच्याकडचा माळ म्हणजे कुसळं आणि धूळ, तो ओला कसा होईल? गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीसुद्धा पाहिलेला नाही रे. म्हणा कविता." आम्ही बाकावर ताल धरून म्हटली. शब्द आता विसरलो, ताल अजून बोटांत आहे.

"मला तिथे जायचंय," मी म्हणालो.

निरंजनने आईकडे पाहिलं. गेल्याच वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसला होता आणि इथे येताना काढलेल्या विम्यात जुन्या आजाराला एक पैसाही मिळणार नव्हता. मालती, माझी बायको, कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "जाऊ द्या त्यांना," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

मग सराव सुरू झाला. या सपाट देशात चढ शोधावा लागतो. घरातला जिना इथल्या रीतीप्रमाणे शिडीइतका उभा, तो रोज चढायचो. रविवारी हार्लेमपलीकडच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचो. वाळूत पाय रुतला की छाती धडधडायची आणि ही मागून विचारायची, "अहो, दुखतंय का?" "नाही." "खरं सांगा." मी खरंच सांगत होतो, पण धडधड दमल्याची की भीतीची, हे माझं मलाच कळत नव्हतं. रोज पहाटे डोळे मिटून पडून राहायचो आणि माळावर पडलेला एक म्हातारा दिसायचा. त्याच्या अंगावर माझंच स्वेटर असायचं. हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बेत मोडला असता.

हवामान आणि निरंजनची रजा बघून जूनमधला एक शनिवार ठरला. जाणाऱ्यांसाठी सांगतो: अ‍ॅमस्टेलव्हीनहून हॅनोव्हरमार्गे गाडीने पाच-सहा तास लागतात आणि जर्मन हमरस्त्यांवर टोल नाही. ब्राउनलागे गावात घरगुती खोल्या मिळतात, न्याहारीसकट, आणि हॉटेलपेक्षा बऱ्याच स्वस्त. शाकाहारी असाल तर संध्याकाळी बटाट्यापलीकडे फारशी आशा ठेवू नका. आम्ही धपाटे, दाण्याची चटणी आणि खजूर घरूनच नेले होते.

शनिवारी सकाळी न्याहारीला हिने आपला पाव हळूच इराच्या, आमच्या नातीच्या, ताटलीत सरकवला. मी पाहिलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष स्वतःच्या नाडीवर होतं.

ओडरब्रुकला गाडी लावून चालायला लागलो. सुरुवातीची वाट सोपी, सूचिपर्णी झाडांमधली. मग झाडं विरळ झाली आणि तो आला, ओला माळ. काळं पाणी, त्यात कापसासारखे पांढरे तुरे डुलणारं गवत, मधून फळ्यांची पायवाट. फळीवर पाय पडला की खालून बुळुक असा आवाज यायचा. गुरुजी हवे होते, असं वाटलं. तेवढ्यात धुकं उतरलं. पाच मिनिटांपूर्वी समोर असलेलं शिखर पुसलं गेलं, मग झाडं, मग पुढे गेलेले निरंजन आणि इरा. इराचं हसणं थोडा वेळ ऐकू आलं. नंतर तेही नाही.

मी छातीवर हात ठेवून उभा राहिलो. छाती ठीक होती. मागे वळून पाहिलं तर मालती फळीवर बसली होती, एक हात काळ्या पाण्यात टेकलेला. ओठ पांढरे.

"काय होतंय?"

"काही नाही. जरा गरगरलं."

बाटली उघडून पुढे केली. तिने तोंड फिरवलं.

"पाणी पी, मालती."

"नको. आज संकष्टी आहे."

पुण्याहून आणलेलं कॅलेंडर तिने बघितलं होतं. आम्ही तिघांनी फक्त हवामान बघितलं होतं.

"संकष्टीला तू पाणी कधीपासून सोडायला लागलीस?"

"आजच्यापुरतं. तुम्ही धड खाली उतरावं म्हणून. चंद्र बघून सोडीन."

माझा आवाज चढला. "अगं, इथे जूनमध्ये चतुर्थीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. आणि या धुक्यात तो दिसणार कुठे?"

"ओरडू नका. डॉक्टरांनी तुम्हाला ओरडायला मना केलंय."

मोबाईलला रेंज नव्हती. निरंजनला हाका मारल्या, त्या धुक्यातच कुठेतरी राहिल्या. तिचा हात धरला, बर्फासारखा गार. पहाटे रोज दिसणारा तो माळ हाच होता, फक्त पडणारं माणूस मी चुकीचं ओळखलं होतं.

"मालती, पी गं. पाया पडतो तुझ्या."

"आधी सांगा, वर जाणार नाही."

"शिखर इथून जेमतेम..."

"कुठे दिसतंय तुम्हाला शिखर?"

काहीच दिसत नव्हतं. तरी ते तिथेच होतं, सत्तर वर्षांच्या माझ्या आयुष्यात इतकं जवळ कधीच आलं नव्हतं.

"नाही जात," मी म्हणालो.

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

तिने त्या पांढऱ्या आभाळाकडे बघून हात जोडले, पुटपुटत काहीतरी माफी मागितली आणि बाटली घेतली. दोन घोट, मग एक खजूर, मग आणखी एक. ओठांवर रंग यायला फार वेळ लागला. तोवर मी तिला कविता म्हणून दाखवली, शब्द नसलेली, नुसता फळीवर ताल. "बेसूर आहे," ती म्हणाली. तेव्हा कुठे मी बाटलीचं झाकण लावलं.

निरंजन आणि इरा वरून परतले तेव्हा आम्ही धपाटे खात होतो.

"बाबा, चला की, दहा मिनिटांवर आहे. मी आईजवळ थांबतो."

"नको. आम्ही इथूनच वळतो."

"आबा, देअर्स नथिंग अप देअर," इरा म्हणाली. "ऑल व्हाइट."

घरी येऊन आता महिना होत आला. शिखराचा एकही फोटो माझ्याकडे नाही, आणि तुम्ही जाणार असाल तर शिखर कसं आहे हे मी सांगू शकत नाही. जरूर जा. निघण्यापूर्वी फक्त सोबतच्या माणसाने खाल्लंय का, ते डोळ्यांनी बघा. वर गेलो नाही याची खंत आहे का? आहे. पण जिन्यात तिचं पाऊल जरा थबकलं की मी हातातलं टाकून धावतो, त्या धास्तीपुढे ती खंत फार लहान आहे.

काल पुन्हा संकष्टी होती. सकाळी विचारलं, "पाणी प्यायलीस?" प्यायली होती. दुपारी खिचडीच्या वेळी पुन्हा विचारलं. संध्याकाळी ग्लास भरून तिच्यासमोर ठेवला.

"अहो, किती वेळा विचाराल?"

"चंद्र उगवेपर्यंत," मी म्हणालो.