गल्लीतली हाडं आणि कुत्र्यांची भिशी

कळंब्याच्या तलावाकाठून तुम्ही ते कुत्रीचं पिल्लू उचलून आणलंत तेव्हा ती माझ्या कणकेच्या परातीत झोपायची आणि तरी परात मोकळी उरायची. सुट्टी संपली, तुम्ही विमानात बसलात आणि ती आमच्याकडे राहिली. निघताना धाकटीनं माझं बोट धरून विचारलं होतं, "पुढच्या वेळी आलो की ती इथेच असेल ना?" मी हो म्हणाले. ते 'हो' सांभाळणं किती अवघड आहे हे मला या पावसाळ्यात कळलं, आणि ते कसं सांभाळलं तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आषाढात तिच्या पाठीवरचे केस जाऊ लागले. सारखी खाजवायची, भिंतीला अंग घासायची. मी तिला शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर नम्र होते, इंग्रजी छान बोलत होते. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, त्वचेचा नमुना घेतला, परदेशी खाद्याचं पोतं दिलं. डॉक्टर सारा वेळ कॉम्प्युटरकडे बघत होते आणि आपली कुत्री सारा वेळ टेबलाखाली होती. दोघांची गाठ पडली ती इंजेक्शनपुरती.

घरी आजोबांनी चष्मा लावून बिल वाचलं. त्या पैशात आमचा महिन्याचा किराणा, दूध आणि दोघांच्या गोळ्या आल्या असत्या.

"माझ्या गुडघ्याला डॉक्टरनं नुसतं मलम दिलं," ते म्हणाले. "हिची सोनोग्राफी?"

"तुमचा गुडघा बाहेरून दिसतो. तिचं पोट दिसत नाही."

"अगं, खाज पाठीला सुटलीय की. पोटाचा काय संबंध?"

पुढच्या तपासणीची तारीख मिळाली होती, म्हणजे पुढचं बिलही ठरलं होतं. आजोबांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, "पेन्शनमध्ये हे बसणार नाही. गणपती झाले की मुरगूडचा भाऊ येतोय. त्याला गोठ्यावर राखणीला कुत्रं हवंच आहे. तोवर तुला खर्चाची काही व्यवस्था जमली तर ठीक, नाहीतर तो घेऊन जाईल."

मुरगूडचा गोठा म्हणजे साखळी आणि उसाच्या कडेची राखण. भाऊजी मनानं फार चांगले, पण त्यांच्याकडे कुत्रं घरात येत नाही. आणि आपली तर तुमच्या पलंगाच्या पायथ्याशी, तुमच्या जुन्या चादरीवर झोपते. मी आजोबांना म्हटलं, "गणपतीपर्यंत ना? बघते."

तुमच्या आईचं लग्न ठरवताना आम्ही मुलाच्या घरी चहा पिण्याआधी त्यांच्या गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात चौकशी केली होती. मुलाकडचे काय सांगणार ते माहीतच असतं. माणूस कसा आहे हे शेजारपाजार सांगतो. डॉक्टरही मी तसाच पाहायचा ठरवला. दवाखान्यात जायचं नाही, आधी त्याच्या समोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचं. कोण येतं, किती वेळ थांबतं, बाहेर पडताना काय बोलतं ते ऐकायचं. आजोबांना कळल्यावर ते म्हणाले, "पत्रिका पण बघून ये. गुण जुळले पायजेत."

समोरच्या गवळीणमावशींनाही यात फार रस. त्यांच्या म्हशी आमच्या दारावरून जातात आणि सकाळी अख्खी गल्ली त्यांच्याच गोठ्यात चरवी घेऊन उभी असते. त्या म्हणाल्या, "बाई, कशाला हिंडताय? आमच्या म्हशीचा डाक्टर हाय की. चार पाय म्हशीला, चारच पाय कुत्रीला."

म्हशीचे डॉक्टर आले तेव्हा मी कुत्रीला घेऊन गोठ्यात गेले. त्यांनी तिची पाठ उलटसुलट चाचपली, हसले आणि म्हणाले, "आजी, मी जनावरं बघतो. खाजेचं औषध देईन, पण हिला उद्या आतून काही झालं तर माझ्याकडे ना यंत्र ना जागा. लहान जनावरांचा डॉक्टर आत्ताच, बरी असताना गाठून ठेवा. आजारी पडल्यावर माणूस जो समोर दिसेल त्याच्याकडे पळतो." त्यांनी दोन नावं सांगितली. पैसे घेतले नाहीत, मावशींकडचं दूध मात्र प्यायले.

पहिल्या नावाच्या समोर मी दोन संध्याकाळी बसले. दवाखाना दुपारनंतर बंद, फोन उचलत नव्हते. ते स्थळ सोडलं.

दुसरं नाव म्हणजे कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एक डॉक्टरीणबाई. तरुण, केस घट्ट बांधलेले, हातावर मांजरांचे ओरखडे. समोरच्या गाड्यावर एक रिक्षावाले आपलं लहानसं बोकड मांडीवर घेऊन चहा पीत बसले होते. मी चौकशी केली तशी ते म्हणाले, "बाई लई फटकळ. आमचं बोकड आणलं तर मलाच शिव्या दिल्या. पर आधी सांगती किती लागतील ते. मागनं वाढवीत न्हाय."

मला तेवढंच ऐकायचं होतं. मी आत गेले. डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून सरळ फरशीवर बसल्या आणि आपली कुत्री आपण होऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिचे कान हुंगले, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पाठीवरचं कातडं खरवडून काचेवर घेतलं आणि तिथेच पाहिलं. खरूज. गोळ्या, आठवड्याला अंघोळ, चादरी उकळत्या पाण्यात. एवढंच.

मग मी माझे प्रश्न काढले. पैसे कमी असतील तर आधी काय कराल? ऑपरेशन तुम्ही करता की दुसरीकडे पाठवता? सुट्टीच्या दिवशी कोण असतं?

"आजी, तुम्ही माझी परीक्षाच घेताय," त्या म्हणाल्या.

"बत्तीस वर्षं शाळेत घेतल्या आहेत. सवय आहे."

त्यांनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली. जे आत्ताच करायला हवं आणि जे थांबलं तरी चालेल, हे त्या नेहमी वेगळं करून सांगतात. ऑपरेशन स्वतः करतात, हाडांचं मात्र नाही. रविवारी सकाळी असतात. आणि एक गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली: "लसी एकेकट्या आणू नका. तुमच्या गल्लीतली सगळी कुत्री-मांजरं एका दिवशी जमवा, मी तिथे येते. माझी एकच फेरी होईल, तुम्हाला स्वस्त पडेल."

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात भिशीच होती. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी जुनी. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी निघेल तिनं न्यायचे. कुणाचा मिक्सर झाला, कुणाच्या पाटल्या. मी सुचवलं की दुसरी भिशी सुरू करू, जनावरांची. चिठ्ठी नाही, पैसे साठू द्यायचे. ज्याचं जनावर आजारी पडेल त्याच्यासाठी सरळ डॉक्टरांना द्यायचे.

पुढच्या भिशीला मी हे मांडलं तेव्हा बायका इतक्या हसल्या की चिवड्याचं ताट हललं. "म्हणजे बाई, कुत्र्याला ठसका लागला की आमच्या पाटल्या मोडायच्या?" एकीनं विचारलं. शेवटी गवळीणमावशी, मांजरवाल्या शिक्षिका आणि मी, अशा तिघीच उरलो. तिघींच्या पैशात एका कुत्र्याची लस झाली असती. गणपती जवळ येत होते.

आता त्या रविवारचं सांगते. श्रावण पाळून झालेला, गणपती बोळवून झालेले. इतक्या दिवसांनंतरचा मटणाचा पहिला रविवार म्हणजे आमच्या गल्लीत काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक घरातून तांबड्या रश्श्याचा वास, प्रत्येक कुकर शिट्ट्या मारतोय. भाऊजी सकाळीच छोटा टेम्पो घेऊन आले होते. येताना गुळाची ढेप आणली आणि कातडी पट्टाही आणला, पितळी घुंगरू लावलेला, सोबत साखळी. साखळी त्यांनी ओसरीवर ठेवली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पांढऱ्याला फोडणी देत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निघायचं होतं. पण सकाळी कुत्री उठलीच नाही. पोट टणक, सारखी कुंथत होती, पाणी प्यायली की उलटून टाकत होती. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ह्ये काय बरं लक्षण न्हाय." मी टेम्पोकडे बोट दाखवलं. "चला, कळंब्याला."

आम्ही तिला तुमच्या चादरीत गुंडाळून टेम्पोत ठेवलं. आजोबा पुढे बसले, गवळीणमावशी मागे चढल्या, त्यांच्यामागे जुन्या भिशीच्या आणखी दोघी. गल्लीत असं कुणी एकटं दवाखान्यात जात नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवला. आतड्यात पांढरे तुकडे असे भरले होते, जसा रस्त्यावर खडीचा ट्रक उपडा केलाय. "हाडं," त्या म्हणाल्या. "शिजलेली. फुटून अडकलीत. काय घातलं हिला?"

मी म्हणाले, "आमच्याकडे दूध-भाकरी. हाड मी कधीच देत नाही."

गवळीणमावशी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बाई, एक बरगडी मी दिली. दारात येऊन बसली हुती, तोंडाकडं बघत."

"एकच?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन."

मग भिशीतली पहिली म्हणाली तिनं पायाची हाडं दिली, दुसरीच्या घरी पोरांनी ताटातली सगळी दिली. बाहेर फोन लावले तर गल्लीच्या टोकापर्यंत तेच. आपली कुत्रीबाई आदल्या दिवशी दारोदार जेवून आली होती आणि प्रत्येक घराला वाटलं होतं की आपणच तेवढं घातलं. भाऊजींनी टोपी हातात घेतली. "वहिनी, नळी मी दिली. म्हटलं, उद्यापासनं आपलीच हाय, जरा ओळख व्हावी."

सगळ्यांत शेवटी आजोबा बोलले, फरशीकडे बघत. "मी पण देतो. दर खेपेला. तू आत गेलीस की."

डॉक्टरीणबाई फटकळ आहेत असं ऐकलं होतं. त्या दिवशी पुरतं कळलं. सगळ्यांना बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दोन वाटा आहेत. आत्ता सलाईन लावून, भूल देऊन एनिमा देते, हाडं खाली सरकवून बघते. त्याला इतके लागतील. संध्याकाळपर्यंत नाही सरकली तर पोट उघडावं लागेल. त्याचे इतके. आधी पहिलं करू या, दुसऱ्याची तयारी ठेवते."

मी आजोबांकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत गवळीणमावशी म्हणाल्या, "बाईंनी एकटीनं का द्यायचं? हाडं गल्लीची, बिल पण गल्लीचं. भिशीतनं भरा."

"भिशीत आहे काय?" मी म्हटलं.

"व्हतंय की आत्ता." त्यांनी फोन काढला. दुपारपर्यंत ज्या-ज्या घरातून हाड गेलं होतं त्या-त्या घरातून पैसे आले. पाटल्यांची काळजी असलेलीनं सगळ्यांत आधी पाठवले.

दुपारी आम्ही बाकावर बसलो होतो. भाऊजी आजोबांना म्हणाले, "दादा, बरी झाली की न्हेतो हिला. हवापालट हुईल."

"मुरगूडला हे असलं यंत्र कुठाय?" आजोबा म्हणाले. "आणि तू नळ्या घालणार तिला. न्हाय. ती कुठं जात नाही."

एवढं बोलून ते चहा सांगायला उठले. मी नुसता पदर सारखा केला. जिंकल्यावर बोलू नये हे मी वर्गात शिकले.

सूर्य कलायच्या आधी डॉक्टरीणबाई दार उघडून आल्या. हातमोजे कोपरापर्यंत खराब, चेहऱ्यावर मात्र हसू. "निघालं सगळं. ऑपरेशन नको." गवळीणमावशींनी टाळी वाजवली आणि आत भुंकणं ऐकू आलं, बारीक पण आपलंच.

आता भिशीत अख्खी गल्ली आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि मावशींच्या गोठ्यात एका सकाळी सगळ्या जनावरांना लसी झाल्या, निम्म्या खर्चात. जो हाड टाकताना सापडेल त्यानं भिशीत दंड भरायचा, असा नियम आहे. आजवर तो एकदाच भरला गेला. कुणी भरला ते मी सांगत नाही, पण त्यांनी चष्मा काढून भरला.

भाऊजींचा टेम्पो रिकामा परत गेला. साखळी त्यांनी नेली, पट्टा ठेवला. तुम्ही याल तेव्हा फाटक उघडायच्या आधी तुम्हाला घुंगरू ऐकू येईल.