सोनूचा हरवलेला किलो

आमच्या सोनूने दीड वर्षाचा असताना दूध सोडलं आणि त्याची शिक्षा मला झाली.

वास्तविक मी रावेरला शाळेत गणित शिकवत होतो. दूध आणणं, तापवणं, पाजणं यातल्या कशाशीही माझा संबंध नव्हता. (उतू घालवण्याशी थोडा होता, पण ते वेगळं प्रकरण.) तरीही सोनूने पहिल्यांदा पेला ढकलला तेव्हा माझी बायको कुसुम त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यावर गेलाय." म्हणजे मुलाचे डोळे तिच्यावर, रंग तिच्यावर, हुशारी तिच्या माहेरावर, आणि दूध न पिणं तेवढं माझ्यावर!

आम्ही काय काय केलं ते सांगायला नको. बोंडल्याने पाजलं तर तो बोंडलंच दातात धरून ठेवी. घरची केळी कुस्करून शिकरण दिलं तर हा गृहस्थ केळ्याचे तुकडे बोटांनी वेचून खाई आणि दूध होतं तेवढं परत करी. मग कुसुमने नवा उपाय काढला. "तुम्ही पिऊन दाखवा. बघून शिकेल." मी पिऊन दाखवलं. सोनूने टाळ्या वाजवल्या, आणि आपला पेलाही माझ्यापुढे सरकवला. असे मी दिवसाला चार पेले पिऊन दाखवू लागलो. मास्तर दिवसेंदिवस तुकतुकीत दिसतात, असं शाळेत पोरं म्हणायची.

माझे वडील, आबा, आयुष्यभर केळी पिकवलेला माणूस. त्यांचा माझ्या शिक्षणावर विश्वास कधीच नव्हता. ओट्यावर बसून ते रोज विचारत, "चाळीस पोरायले शिकवतो, अन् एका पोराले दूध पाजता येत नाही तुले?"

"आबा, ती पोरं दूध प्यायला येत नाहीत."

"गनित तरी कुठं शिकतात?"

शेवटी आबांनीच ठरवलं की उगीच आरडाओरडा करण्यापेक्षा पोराचं दर महिन्याला वजन करायचं. उतरलं तर काळजी, नाही तर नाही. वजन कुठे करायचं हा प्रश्न आमच्या घरात पडत नाही. केळी भरायला ट्रक लागत तिथे तीन बांबूंच्या तिकाटण्याला गोल तबकडीचा काटा टांगलेला असे. त्याला घडासारखी झोळी अडकवायची आणि झोळीत सोनू. पहिल्या खेपेला मापाडी भिकाभाऊ जेवायला गेले होते, म्हणून मी स्वतः वजन केलं. साडेदहा किलो. ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलं.

महिन्याने पुन्हा गेलो. ट्रक अर्धा भरला होता, भिकाभाऊ घडामागून घड काट्याला लावत होते आणि आकडे ओरडत होते. दोन घडांच्या मध्ये त्यांनी सोनूला लावलं, तबकडीकडे बघितलं आणि ओरडले, "साडेनऊ! पुढचा आना."

महिन्यात एक किलो. एवढंसं पोर, त्यातला एक किलो गेला कुठे? मी त्याला उचलून घरी आणलं तेव्हा तो मला खरोखरच हलका लागला. (तेव्हा मला तो पिसासारखा लागला होता. माणसाचं मन किती प्रामाणिक असतं ते बघा.)

कुसुम रडली, मग चिडली, आणि मग अगदी शांत झाली. या तिन्हींत मला शेवटच्याची भीती वाटते. तिने शिंदखेड्याला वडिलांना पत्र टाकलं आणि मला सांगितलं, "पुढच्या वजनाला आणखी उतरला तर मी त्याला घेऊन माहेरी जाईन. भरेपर्यंत परत यायची नाही. तिथं निदान कोणी त्याच्या वाटचं दूध पीत नाही."

माझ्यावर हा केवढा अन्याय! जे दूध मी नाक मुठीत धरून पीत होतो, ते आता मी पोराच्या तोंडचं काढून घेतलं असं ठरलं. पण खरं सांगतो, मला रागापेक्षा धास्ती जास्त होती. ती दोघं नसली की त्या घरात मी आणि आबा समोरासमोर, आणि आबांना बोलायला मीच एक विषय.

पत्राला उत्तर आलं नाही. नाना, म्हणजे माझे सासरे, स्वतः आले. टेम्पोत बसून आले, आणि टेम्पोत मागे एक म्हैस होती. शिंदखेड्याहून चोपड्यावरून रावेरपर्यंत ती उभ्याने आली होती, आणि उतरताना तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने नानांनीही पाहिलं होतं.

"मना नातू दुधले तरसस, म्हणीसन लई उनू," नाना म्हणाले. म्हणजे माझा नातू दुधासाठी तडफडतोय म्हणून घेऊन आलो.

"तो तरसत नाही हो, नाना," मी म्हणालो, "त्याला नकोच आहे."

"गावात दूध काय कमी आहे?" आबा ओट्यावरून म्हणाले. त्यांचं तोंड लाल झालं होतं. नानांनी फक्त म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. सोनू तिच्याकडे बघून खूश झाला आणि तिच्यापुढचा कडबा तोंडात घालू लागला.

नानांना वजन डोळ्यांनी बघायचं होतं. सगळे काट्यापाशी गेलो, कुसुमने माहेरी जायची पिशवी भरूनच बरोबर घेतली होती. भिकाभाऊंनी सोनूला झोळीत घातलं, तबकडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साडेनऊ."

कुसुमने पदर तोंडाला लावला. नाना मात्र कापूसवाले. केळीच्या काट्यापाशी ते पहिल्यांदाच उभे होते, म्हणून त्यांनी असं काही केलं जे रावेरात कोणी करत नाही. ते वाकले आणि त्यांनी स्वतः तबकडी वाचली.

"काटा त साडेधा सांगी ऱ्हायना. तुम्हीन साडेनऊ कथाईन काढं?" म्हणजे काटा तर साडेदहा सांगतोय, तुम्ही साडेनऊ कुठून काढलं?

"दांडा वजा केला," भिकाभाऊ म्हणाले.

"कसाना दांडा?"

भिकाभाऊंनी सोनूला वरून बघितलं, खालून बघितलं. मग त्यांनी टोपी काढली. "घडामागं एक किलो दांड्याचा जातो ना आबा. इतक्या वर्षांची सवय, माह्या तोंडून आपोआप निंघालं."

आबांनी आयुष्यभर या काट्यावरचे आकडे दांडा वजा करूनच ऐकले होते. नाना माझ्याकडे वळले आणि अगदी अदबीने म्हणाले, "जवाईबापू, तुम्हीन गणितना मास्तर शेतस ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

म्हणजे सोनूचं एक ग्रॅमही उतरलेलं नव्हतं. मी कुसुमच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने ती दिली, पण नानांकडे. नाना म्हणाले, "आखाजी आठ दिनवर उनी. मुराळी रिकामा जात नही."

आता यावर वाद घालून पाहा. खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते आणि न्यायला आलेला बाप एकटा परतत नाही, हे कुठलाही जावई जाणतो. कुसुम टेम्पोत पुढे बसली, सोनू तिच्या मांडीवर. तो मला हात हलवत होता, आणि नानांनी रस्त्यासाठी घेतलेल्या ताकाचा पेला घटाघटा पीत होता. ताक! दूध नको, ताक हवं!

"नाना, म्हैस?" मी विचारलं.

"ती नातूनी शे. आठेच ऱ्हाई. आन् देयेल म्हैसनं दूध इकतस नही, बठ्ठं घरमाच संपाडा." म्हणजे म्हैस इथेच राहणार, आणि दिलेल्या म्हशीचं दूध विकायचं नाही, सगळं घरातच संपवायचं.

टेम्पो गेला. घरात मी, आबा आणि दोन वेळचं मिळून आठ लिटर दूध उरलं. आबांना दूध पचत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. व्याह्याने दिलेली वस्तू वाया गेली असं शिंदखेड्याला कळता कामा नये, हेही त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं.

मी तीन दिवस प्यायलो. चौथ्या दिवशी सकाळी आबा साय धरलेला मोठा पेला घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी तेहतीस वर्षांचा, नोकरीत कायम झालेला, दहावीला गणित शिकवणारा माणूस. मी तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली.

आबांनी पेला डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने माझं नाक दाबलं.