कावळा न शिवलेलं बंडल

भोकरदनला सरकारी दवाखान्याचं बांधकाम माझ्याकडं होतं. लोखंड देशातच बनलेलं हवं, असा नियम. म्हणून प्रत्येक गजावरचा छाप मी स्वतः बघायचो. सगळा माल जालन्याच्या एकाच कारखान्यातून यायचा.

ट्रक रिकामा झाला की एक म्हातारी यायची. गजांच्या बंडलावर भाकरीचा तुकडा ठेवून लांब बसायची. कावळ्यानं तो नेला की पुढच्या बंडलाकडं वळायची. एकदा मी वैतागून हटकलंच.

"माहा लेक जालन्याच्या त्या कारखान्यात भट्टीत पडला, साहेब. जाळायला हाडबी न्हाई भेटलं. सरकारी कामाला बाहेरचं लोखंड चालत न्हाई म्हणत्यात. मंग त्यो इथंच कुठंतरी आसंल ना?"

नियमाचा असा अर्थ मी कधी लावला नव्हता.

त्या दुपारी एका बंडलाला कावळा शिवेना. कावळे भोवती जमले, पण एकही चोच लावेना. म्हातारीनं हात जोडले. "तुह्या लेकराला शिकवीन. सुनंला अंतर देणार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

"सून बाळंत व्हायच्या आदल्या दिवशी गेला," ती मला म्हणाली. "लेकराचं तोंड न्हाई पाह्यलं त्यानं."

हे एकदाचं थांबावं म्हणून मी म्हणालो, "हे गज बाळंतिणींच्या वॉर्डाला लावतो."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्यानं तुकडा उचलला.

ते गज खरं तर पाण्याच्या टाकीसाठी आले होते. मी ते वॉर्डाच्या खांबात घातले. आजही तिथं गेलो, तर तो खांब आणि पाळणे यांच्या मध्ये मी उभा राहत नाही.