स्टोव्हशेजारची रिकामी जागा

लाकडाचा धूर नाकात गेला की आखातातल्या उम्म अल कुवैनमधलं ते फार्महाऊस आठवतं. तेव्हा मी तिकडे घरोघरी स्टोव्ह बसवायच्या नोकरीत होतो. तिथल्या अवाढव्य दगडी फायरप्लेसमध्ये मी खोली उबदार ठेवणारा, लाकडावरचा स्टोव्ह मुद्दाम छोटा बसवला होता. मोठा लावला असता तर त्या खोलीत सगळे घामाघूम झाले असते. पेटवून दाखवला, पण मालक बघताच भडकला. "हबीबी, इतनी जगह खाली? मेहमान क्या बोलेंगे?" स्टोव्ह परत न्यावा लागला असता, तर माझी नोकरी गेलीच असती. तेवढ्यात त्याची म्हातारी आई आली. स्टोव्हशेजारच्या तापलेल्या दगडावर तिने कॉफीची किटली ठेवली आणि शेजारीच ऐसपैस मांडी घालून बसली. मालक हसला. "खलास, बस, यही रहने दो. मेहमानों की कॉफी इधर गरम रहेगी." कॉफीचा पहिला कप तिने मला दिला. हल्ली एखादं गिऱ्हाईक मोठ्याच स्टोव्हसाठी अडून बसलं, की मी आधी विचारतो, तुमच्याकडे कॉफी कोण करतं?