दादांच्या आवाजाची चौकट

मिरजगावच्या आसपास कुठेही यात्रेला कुस्त्यांचा हगामा भरला की समालोचनाचा माइक दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात असायचा. आई सगळ्यांसमोर नाक मुरडायची आणि स्वयंपाकघरात कान देऊन ऐकायची.

दादा आपल्या समालोचनाचे व्हिडिओ स्वतःच्या चॅनेलवर टाकत. मी राहात्यात वेबसाइट बनवून पोट भरतो. दादा होते तेव्हाच मी त्यांच्या नावाचं एक पान केलं आणि ते व्हिडिओ आयफ्रेमने त्यात बसवले. एक ओळ लिहिली की पानात चौकट पडते आणि दुसरीकडचं तिच्यात दिसतं. व्हिडिओ मात्र जागचा हलत नाही. हे घरात सांगायची वेळ कधी आली नाही. पानावर दादा दिसत होते, म्हणजे ते पानातच होते, असं सगळे धरून चालले.

दादा गेले. तेराव्यानंतर आईने त्यांचे कपडे, चपला, अंथरूण देऊन टाकलं. गेलेल्याचं काही मागे ठेवलं की त्याचा जीव घुटमळतो, ही तिची समजूत. मोबाईलमधलं सगळं पुसायला लावून तो चुलत्यांना दिला. मग माझ्या थोरल्या भावाला म्हणाली, "त्यांचं ते चॅनेलचं खातंबी बंद कर."

"आन व्हिडिओ?"

"ते धाकल्याच्या पानावर हायेत की."

थोरल्याने खातं मुळासकट काढून टाकलं. मी राहात्यात होतो, मला कुणी विचारलं नाही.

यात्रेला घरी गेलो तेव्हा आई पदराला हात पुसत जवळ येऊन बसली. "लाव त्यांचं. औंदा माइकवर दुसराच हाय, मला न्हाई ऐकवत." मी पान उघडलं. चौकट जागेवर होती आणि आत काळं. व्हिडिओ उपलब्ध नाही, एवढंच लिहिलेलं. मला थोरल्याचा इतका राग आला की जेवण गेलं नाही. खातं परत मिळवायची मुदतही टळून गेली होती. दादांचा आवाज आता कुठेच नव्हता, आणि तो आईनेच घालवायला लावला होता.

"काय झालं रं?" तिने विचारलं.

"नेट न्हाई."

"मग आल्यावर लाव."

आता दर रविवारी तिचा फोन येतो. माझी खुशाली नंतर. आधी विचारते, "आलं का रं नेट?"