पुढच्या रांगेतली खुर्ची

दिवाळीनंतर वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरतात. माझी माय ती नाटकं जन्मभर जमिनीवर सतरंजी टाकून पाहत आली. गुडघे दुखायला लागले तसं तिनं जाणंच सोडलं. मागच्या आषाढात सिंदेवाहीजवळच्या आमच्या शेतात धानाची रोवणी चालू होती. चिखलात उभ्या उभ्या ती मला म्हणाली, "औंदा मले खुर्चीवर बसून नाटक पाहाचं हाये. पुढच्या रांगेत."

मी शाळेत शिकवते. म्हटलं, "तिकीट मी काढून देते."

"नाई. तू देशील तं त्या दिवशीच मजा. मी कमावून जाईन तं आजपासूनच."

त्याच आठवड्यात तिनं शेताच्या बांधावर चवळी अन् काकडी लावली. इतकी वर्षं तिथं गवतच वाढायचं. बाबा हसले, "काऊन, नाटकासाठी वाडी करून राह्यली?" पण शेंगा धरल्यावर बकऱ्यांपायी काट्यांचं कुंपण घातलं ते त्यांनीच. दर बाजाराला माय टोपली भरून न्यायची, आणि परतताना नाटकात कोण नटी असेल, शाल कोणती घ्यायची, हेच बोलत यायची. ऐकून ऐकून शेजारच्या दोघीही यायला तयार झाल्या. त्यांच्याही बांधांवर वेल चढले. त्या पावसाळ्यात गुडघ्यांचं रडगाणं मी क्वचितच ऐकलं.

नेमका नाटकाच्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस आला. मंडप भिजला, प्रयोग आठ दिवस पुढे गेला. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं काढून ठेवलेली शाल पुन्हा घडी करून पेटीत ठेवली आणि म्हणाली, "चाला, आणखी आठ दिस भेटले."

आठ दिवसांनी तिघी गेल्या, रात्रभराचं नाटक संपवून सकाळी परतल्या.

"कसं झालं?" मी विचारलं.

"नटी गायली बरी. पण तिसऱ्या अंकात माहा डोळा लागला. खुर्ची लय आरामाची होती."

एवढी वाट पाहिली आणि झोपली! मला वाईट वाटलं. तिला मात्र अजिबात नाही. चहा पिता पिता ती बाबांकडे वळली. "विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी लावू. शिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेले जाऊ, सगळे."

"अन् पाणी पुरंल?" बाबांनी विचारलं.

"चाला, पाहून येऊ."

चहा अर्धा टाकून दोघं विहिरीकडे निघाले.