डब्यातली चौसष्ट माणसं

कल्पना करा, तुमच्यापुढे चौसष्ट सिमकार्डं खोचलेला एक डबा आहे आणि त्यातलं प्रत्येक कार्ड माणसासारखं वागेल याची काळजी तुम्हाला घ्यायची आहे. त्याने दिवसात दोन-चार फोन करायचे, एखादा घ्यायचा, दुपारी जरा गप्प बसायचं. नाहीतर फोन कंपनीला संशय येतो आणि कार्ड बंद पडतं.

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून जावई हेच करत असे. परदेशातून निघालेला फोन इंटरनेटवरून डब्यात उतरायचा आणि डबा तो इथल्याच एखाद्या कार्डावरून पुढे लावायचा. परदेशी दराला बगल. घरी त्याने ‘फोनदुरुस्ती’ असं सांगितलं होतं. मधल्या वेळात तो कार्डांना आपसात बोलायला लावी. चौदा नंबर आणि एकोणचाळीस नंबर रोज वीस मिनिटं बोलत, तोंडातून अक्षर न काढता. घरात त्याच्याशी एवढा वेळ कुणी बोलत नसे.

घोडं अडलं सासूबाईंपाशी. त्यांच्या मुलाचा परदेशातून फोन आला की मोबाइलवर इथलाच नंबर उमटे, तोही दर वेळी वेगळा.

"जावईबापू, हा गेलाच नाहीये. इथेच कुठेतरी लपलाय. सरळ माणसाला अकरा नंबर कशाला लागतात हो?"

"आई, नेटवर्कचा घोळ असतो."

"उद्या कंपनीत जाते. पत्ता काढते आणि तिथे जाऊन कान पिरगाळते."

त्या पत्त्यावर कुणाचा कान सापडणार, हे जावयाला पक्कं ठाऊक होतं. त्याने सगळं सांगून टाकलं, चौदा-एकोणचाळीससकट.

"म्हणजे तुम्ही भामटे आहात."

"हो, आई."

"ते नंतर बघू. माझा मुलगा कुठे आहे?"

"परदेशात."

"तुमच्या डब्यात तसं दिसतं का?"

जावई हसला आणि मध्येच थांबला.

"रविवारपर्यंत सांगा," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर कंपनी आहेच."

त्याने नोंदी उघडल्या. सगळे फोन त्याला हे काम देणाऱ्या दलालाच्या एकाच सर्व्हरवरून आलेले. त्याच्या पलीकडचं काही दिसेना. शेजारच्या गल्लीत बसून कुणी दलालाचं स्वस्त कॉलचं ॲप वापरलं असतं, तरी नोंद अशीच उमटली असती. आणि आता आठवलं, मेहुण्याला सोडायला विमानतळावर कुणी गेलंच नव्हतं. उगाच कशाला त्रास, असं तोच म्हणाला होता.

मग तो खरंच गेला होता का?